सिड्सेलचा हात

दुपारपर्यंत नदीकाठची वाळू तापून अशी भुसभुशीत झाली की गाड्यांची चाकं रुतायलाच लागली. सिड्सेल आणि तिचा नवरा जेप्पे आमच्या पुढच्या हातगाडीला जुंपलेले होते. जुंपलेले म्हणजे खरंच जुंपलेले. आमच्या तांड्यात बैल नव्हते. डेन्मार्कहून समुद्र ओलांडून आलेली आम्ही साधी माणसं स्वतःच गाड्या ओढत सियोनकडे, आमच्या पंथाच्या पवित्र भूमीकडे, चाललो होतो. डोंगर अजून दिसतही नव्हते.

आदल्या दिवशी आमच्यातली एक विधवा वाटेतच गेली. तिची मुलगी बोटिल्ड दहा वर्षांची असेल. पायाला चिंध्या बांधून ती सिड्सेलच्या गाडीमागे लंगडत होती. सिड्सेल थांबली. आईने स्वतः पिसं भरून दिलेली दुलई आणि लोखंडी पातेलं तिने गाडीतून काढलं, गवतावर ठेवलं आणि त्या जागी पोरीला बसवलं.

"परक्याची पोर ओढायला मी काय बैल आहे?" जेप्पे म्हणाला.

"बैल असतास तर बरं झालं असतं. बैल कुरकुरत तरी नाही. ओढ."

आम्ही सगळे हसलो. जेप्पेही हसला आणि त्याने दांडा उचलला. बोटिल्ड तेव्हापासून तिला मावशी म्हणायला लागली.

पोचल्यावर सॅनपीटच्या खोऱ्यात आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. मातीच्या विटांची घरं आम्ही एकमेकींच्या मदतीने उभी केली. सिड्सेलला लॉरिट्स हा मुलगा झाला. पुढची दोन जगली नाहीत. ती माग चालवायची, लोकर रंगवायची, आणि कॉफी पिऊ नये असं पंथाच्या सभेत कितीही सांगितलं तरी प्यायची. "देवाला माझी सगळी पापं माहीत आहेत, त्यात ही एक किटली," असं म्हणायची. बोटिल्डला तिने पोटच्या मुलीसारखं वाढवलं. सूत काढायला, पाव भाजायला, प्रार्थना म्हणायला तिनेच शिकवलं.

एकच गोष्ट तिच्या मनात सारखी होती. आमच्यात मृत्यूनंतरही नवराबायको राहायचं तर मंदिरात तशी गाठ बांधून घ्यावी लागते, आणि मग मुलंही आईबापांशी बांधली जातात. डेन्मार्कमधलं लग्न फक्त मरेपर्यंतचं. तोवर ही गाठ बांधायची सोय फक्त दूरच्या शहरात होती. ती विचारायची तेव्हा जेप्पे म्हणायचा, "शहरात कशाला जायचं? मॅन्टायच्या टेकडीवर आपलंच मंदिर होणार आहे. चालत जाऊ, लॉरिट्सला घेऊन."

तिने ते खरं मानलं. मंदिराचं काम सुरू झालं तेव्हा आम्ही बायकांनी ठरवलं होतं की रविवारी घातलेली अंडी मंदिराची. सिड्सेलच्या घरी कितीही ओढाताण असली तरी रविवारची टोपली कधी चुकली नाही. अंडी जमा करणारी कारभारीण चेष्टेने म्हणायची, "सिड्सेलबाई, तुमच्या कोंबड्या बाकीचे दिवस उपास करतात वाटतं." टोपली घेऊन जायची बोटिल्डच. तोवर ती मोठी झाली होती, मागण्या येत होत्या, आणि ती प्रत्येकाला नाही म्हणत होती. आम्हाला वाटायचं, मावशीला सोडवत नाही पोरीला.

मग एका शरद ऋतूत जेप्पे लोकर घेऊन शहरात निघाला. बोटिल्डला कापड घ्यायचं होतं, म्हणून तीही गाडीत बसली. सिड्सेलनेच वाटेसाठी पाव बांधून दिला.

ते परतले तेव्हा आम्ही दोघी अंगणात सूत रंगवत होतो. जेप्पे उतरला. बोटिल्ड उतरेना.

"काय गं, पाय अवघडले का?" सिड्सेलने विचारलं.

बोटिल्डने मान वर केली नाही. जेप्पे टोपी चाचपत म्हणाला, "आमची गाठ बांधून झाली. तिथेच."

आमच्यात पुरुष दुसरी बायको करायचे. ते मी चूक म्हणत नाही, माझ्या बहिणीच्या घरीही तसंच होतं. पण त्याची एक रीत होती. आधी पहिलीला विचारायचं. ती बरोबर जायची, आणि दुसरीचा हात तीच आपल्या हाताने नवऱ्याच्या हातात द्यायची. तिच्या हाताशिवाय ते होत नसे.

"माझा हात कुठे होता?" सिड्सेलने विचारलं.

"तू आजारी आहेस, तुझी संमती आहे, असं मी सांगितलं."

तिने रंगाची काठी कढईवर आडवी ठेवली. गाडीजवळ गेली आणि बोटिल्डला म्हणाली, "उतर. मी वाटेत खाली ठेवली ती माझ्या आईची दुलई होती. तुला तसं वाटेत टाकणार नाही. पण मला आता मावशी म्हणू नकोस." मग जेप्पेकडे वळली. "तेव्हा ओढवत नव्हती ना तुला?"

तिने घर सोडलं नाही. माग आणि कॉफीची किटली मागच्या खोलीत नेली आणि तिथेच राहिली. रविवारची अंडी आता ती स्वतः पोचवायची. मी एकदा म्हटलं, अजूनही देतेस? ती म्हणाली, "अंडी देवाची आहेत, जेप्पेची नाहीत."

मंदिर पुरं झालं, तेव्हा जेप्पे केस विंचरून तिच्या दारात आला. "चल, बोललो होतो ना, चालत जाऊ."

"मी खूप चालले," ती म्हणाली.

लॉरिट्स तोवर बाप झाला होता. तो रडला. "आई, मग तिकडे मी तुझा कोण?"

"मी तुला जन्म दिला, हे देवाला कोणी सांगायला नको," ती म्हणाली. पण तो गेल्यावर बराच वेळ तिने माग चालवला नाही.

या वसंतात तिची छाती भरली. मी रोज सकाळी जवाची पेज घेऊन जायचे. मी मंदिरात सेवा करते; मेलेल्या बायकांची गाठ बांधायची असते तेव्हा त्यांच्या वतीने उभी राहते, त्यांच्यासाठी 'हो' म्हणते. माझ्या आईसाठी, आजीसाठी मीच उभी राहिले होते. तिथलं आम्ही बाहेर बोलत नाही, पण एवढं सगळ्यांना माहीत आहे.

सिड्सेलने चमचा बाजूला केला. "मी मेले की जेप्पे गप्प बसायचा नाही. माझ्या नावाने बोटिल्डला उभी करेल. माझा हात म्हणून तिचा हात हातात घेईल."

तो तेच करेल, हे मलाही दिसत होतं.

"त्याच्या आधी तूच पुढे हो, माझ्या जागी उभी राहते म्हणून सांग. हातगाडीपासूनची मैत्रीण, कोणी नको म्हणणार नाही. आणि विचारतील तेव्हा 'नाही' म्हण."

"सिड्सेल, तिथे कोणी नाही म्हणत नाही. मी देवाच्या घरात उभी असेन."

"म्हणून तर तुला सांगते. मागच्या वेळी मला कोणी विचारलं नाही, डोर्थे. या वेळी विचारतील. माझं उत्तर तेवढं पोचव."