कोरे बूट, लाल खुणा

भोसरीच्या आमच्या गोडाऊनमध्ये शाळकरी मुलांच्या पांढऱ्या कापडी बुटांचे खोके छतापर्यंत रचलेले होते. बुटांत खोट काहीच नव्हती. कंपनीने आपलं चिन्ह बदललं, त्यामुळे टाचेवर जुनं चिन्ह असलेला माल दुकानांत पाठवणं बंद झालं, एवढंच. तो भट्टीत जाळायचं ठरत होतं. माझी शाळा नववीत सुटली, आणि शाळेत असेपर्यंत माझ्या पायात बूट कधी आले नाहीत. म्हणून असेल, पण मी धीर करून मॅनेजर देवधरसाहेबांना म्हणालो, "साहेब, जाळण्यापेक्षा शाळांना देऊ या का?"

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "दे. बारामती-इंदापूरकडच्या दोन शाळांचं मागणं आलेलंच आहे. पण एक लक्षात ठेव. आपले दुकानदार नवा माल पूर्ण भावाने विकतायत. यातला एक जोड जरी बाजारात विकायला दिसला, तर उरलेला सगळा माल भट्टीत."

उरलेला माल म्हणजे निम्मं गोडाऊन. तो इंदापूर तालुक्यातल्या बावड्याच्या आणि आसपासच्या शाळांना द्यायचा, असं माझ्या मनात होतं. म्हणजे आता ते सगळं माझ्यावर आलं. १९९७च्या जुलैतला हा प्रवास तीन दिवसांचा, पण माझी झोप त्याच्या आधीच उडाली होती.

पहाटे कंपनीचा टेम्पो घेऊन निघालो. चालवायला दगडूमामा. कंपनीतले सगळेच त्यांना मामा म्हणतात. हडपसर सुटल्यावर सोलापूर रस्ता बरा आहे. चौफुल्याला चहा आणि गरम भजी मिळतात, तिथे थांबावं, कारण पाटसला उजवीकडे बारामतीला वळल्यावर खायला फारसं काही नाही. वळण घेतल्यावर रस्ता अरुंद होतो. दोन्हीकडे माळ, मध्येच बाभळी, ढग नुसते वरून जाणारे. दोरी सैल झाली की काय म्हणून मी दोनदा टेम्पो थांबवायला लावला.

"आरं, बूट हायत त्ये, कोंबड्या न्हायत," मामा म्हणाले. "उडून जात न्हायत."

बारामती जवळ आली की हवाच बदलते. कालव्याचं पाणी लागतं आणि एकदम ऊस सुरू होतो. एसटी स्टँडाजवळ खानावळीत वीस रुपयांना पोटभर ताट मिळालं. बाजरीची भाकरी, मटकी आणि वर लोणी मागितलं तर तेही. आमटी जहाल तिखट, नव्या माणसाने ती आधी चाखून पाहावी, मग भाकरी कुस्करावी. मी तसं केलं नाही.

दुपारी काटेवाडीच्या अलीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत पोचलो. दोन खोल्या, एक गुरुजी, पटांगणात कडुनिंब. मुलं रांगेत बसली होती, तळपाय मातीने राखाडी झालेले. मी प्रत्येकाचं पाऊल पट्टीवर ठेवून माप घेऊ लागलो, तेव्हा गुरुजी म्हणाले, "वाढत्या मापाचे द्या हो. पोरं वाढत्यात. पुढच्या वर्षी कोण देणार हायत?"

हे मला लगेच पटलं. आमच्या घरातही शर्ट नेहमी वाढत्या मापाचाच शिवला जाई. बाह्या दोन वर्षं दुमडायच्या आणि तिसऱ्या वर्षी शर्ट फाटायचा. मी प्रत्येकाला एक नंबर मोठा जोड दिला. मुलांनी बूट घातले, फटफट आवाज करत पटांगणाला एक चक्कर मारली, आणि शाळा सुटल्यावर सगळेच्या सगळे बूट काढून हातात धरून अनवाणी घरी निघाले.

"घाला ना रे!" मी ओरडलो.

"मळत्याल की!" एक पोरगी मागे वळून म्हणाली. तिचं नाव सुनंदा. तिने बूट छातीशी धरले होते आणि चिखल चुकवत बांधावरून चालली होती.

मुक्काम बारामतीत केला. सकाळी टेम्पोत डिझेल भरेपर्यंत बाजारपेठेतून चक्कर मारू म्हटलं. खरं म्हणजे चपलांची दुकानं बघायची होती. पहिल्या दोन ठिकाणी काही नव्हतं. जरा बरं वाटलं. तिसरी एक हातगाडी होती, आणि तिच्यावर रबरी चपलांच्या ढिगावर आमचा जोड. पांढराशुभ्र. टाचेवर जुनं चिन्ह.

मी तो उचलला. "हा कुठनं आणला?"

"का वो?" गाडीवाला म्हणाला. "चोरीचा हाय का काय?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

"काटेवाडीकडचा गडी हाय. रोज दूध घालाय येतो. पोरीला मोठा हुतोय, घरी घालून बगितला तर पाय सोलाय लागला म्हनला. तिच्या मापाच्या चपल्या घिऊन गेला, ह्यो ठिवून गेला. कोरा हाय म्हणून घेतला म्या. डाग पडलेला असता तर हातबी लावला नसता. कोन घेतंय डाग पडल्यालं?"

गडी चुकला नव्हता. पोरीचा पाय सोलत होता, त्याने तिच्या पायाचं बघितलं. चूक वाढत्या मापाची होती. मी भाव न करता जोड विकत घेतला आणि पिशवीच्या तळाशी घातला, वर टॉवेल.

मामांना सांगितलं तर ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसले. "लेका, आपल्याच कंपनीचा माल, आपनच फुकट वाटायचा, आनि आपनच इकत घ्यायचा! देवधरसायबांनी तुला बढती दिली पायजे."

"मामा, अजून किती जण असं करतील?"

"ते इचारू नगंस. गाडीत बस."

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला काटेवाडी, मग साखर कारखाना, मग लासुर्णे आणि अंथुर्णे. पावसाळ्यात या रस्त्याने जाणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवावा. काळ्या मातीत गाडी रस्त्यावरून एक हात जरी खाली उतरली, तरी ट्रॅक्टर बोलवावा लागतो. आम्हाला बोलवावा लागला. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत, पण मागे काय आहे ते विचारलं. मी "शाळेचं सामान" एवढंच म्हणालो. त्या दिवशी मला प्रत्येक माणूस गिऱ्हाईक वाटत होता.

अंथुर्ण्याच्या वाटेवर एक वस्ती आहे. तिथली निम्मी घरं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणाऱ्यांची. आता बहुतेकांची शेती, कोणी कारखान्यात, कोणी ट्रकवर. बाकीची घरं ऊसवाल्यांची. शाळेच्या कांबळेबाईंना मी आल्याआल्याच सांगितलं, "बाई, अगदी पायाच्या मापाचे देणार. वाढते नाहीत." मापं नीट घेतली. एकेकाच्या अंगठ्यापुढे बोट ठेवून पाहिलं. एकाही पायाला बूट सैल राहिला नाही. मला वाटलं, सुटलो.

मग बाई म्हणाल्या, "चला, आत बसून पाहुण्यांना एक गाणं म्हणून दाखवू."

मुलं आत गेली. वर्गात पायताण घालून कोणी जात नाही, त्यामुळे सगळे बूट दारात निघाले. गाणं छान झालं. टाळ्या झाल्या. मुलं बाहेर आली आणि दारातच थबकली. पायरीवर एकसारखे पांढरे बूट. सगळे कोरे, सगळ्यांवर एकच चिन्ह. डावे-उजवे एकमेकांत गुंतलेले. आपला जोड कुठला, हे कोणालाच सांगता येईना.

"ह्यो माजा हाय!"

"तुजा कसा? मी हितं काडला हुता!"

"बाई, ह्यानं माजा एक घेतला, आनि त्याचा एक न्हाय!"

थोड्याच वेळात तिघं रडत होते, दोघं भांडत होते, आणि एक मुलगा दोन डावे बूट घालून घरी निघाला होता. बाईंनी त्याला परत आणला आणि मला हळूच म्हणाल्या, "रोज दोनदा हेच होणार. आठ दिवसांत आया सांगतील, बूट घरीच ठेव."

घरी ठेवलेले बूट कोरे राहतात, आणि कोऱ्या बुटांचं काय होतं ते मी सकाळीच बघून आलो होतो.

निंबाखाली एक म्हातारा घोंगडी टाकून बसला होता. चार-पाच मेंढरं बाजूला चरत होती. सगळे त्यांना बिरूआबा म्हणत. पूर्वी मोठा कळप घेऊन ते कोकणापर्यंत जात असत. तो गोंधळ बघून ते मनसोक्त हसले.

"पावनं," ते मला म्हणाले, "पुण्याची मान्सं शानी असत्यात म्हन्त्यात. आनि खूण केल्याबिगर कळप सोडलात व्हय?"

मला समजलं नाही. त्यांनी काठीने एका मेंढीच्या पाठीकडे दाखवलं. लोकरीवर लाल रंगाची दोन बोटं ओढलेली होती. "चार घरची मेंढरं एका माळावर चरत्यात. तोंडं समद्यांची सारकीच. मंग वळखायचं कसं? हरेक घरची खूण येगळी. दोन बोटं आमची. पलीकडच्या वाड्याची चांदकोर." त्यांनी नातवाला हाक मारली. "जा रं, खोपटातला रंगाचा डबा आन."

"नको, आबा!" मी जवळजवळ किंचाळलो. "पांढरे बूट आहेत. कंपनीचे. मला साहेबांना दाखवायला फोटो न्यायचेत."

"आरं, फोटू आदी काड की मंग," मामा म्हणाले.

डबा आला. तेलात कालवलेला लाल रंग, वर साय धरलेली. आबांनी काडीने ती बाजूला केली. मी कॅमेरा काढला आणि पायरीवरच्या पांढऱ्या बुटांवर धरला. साहेबांना असाच फोटो हवा असणार, स्वच्छ, चिन्ह दिसणारा. पण कानात हातगाडीवाला बोलत होता. डाग पडलेला असता तर हातबी लावला नसता.

मी कॅमेरा खाली केला. "आबा, चिन्हावर नको. पुढे, बोटांवर करा."

आबांनी नातवाच्या बुटांवर दोन लाल बोटं ओढली. मग शेजारच्या पोराच्या बुटांवर चंद्रकोर. मेंढरांच्या घरातल्या पोरांना आपापल्या खुणा पाठ होत्या. ती रांगेत येऊन सांगत होती, तीन ठिपके, आडवी रेघ, बाभळीचा काटा. ऊसवाल्यांची पोरं मात्र कोपऱ्यात उभी होती.

"आमची खूण काय वो, आबा?"

"तुमच्यात ट्रॅक्टर हाय न्हवं? चाक काड."

"आनि आमच्यात?"

"तुज्या बापाला इचार. बाप काय करतो?"

"कारखान्यात भोंगा वाजवतो!"

सगळा घोळका हसला, आणि त्याच्या बुटांवर भोंगा आला. तो जरा काकडीसारखा दिसत होता, पण पोराला मान्य होता. बाईंनी भावंडांना एकच खूण, फक्त एकाला बुटाच्या डाव्या बाजूला, दुसऱ्याला उजव्या, असं ठरवून दिलं. मीसुद्धा काडी घेतली. रेघा सरळ आल्या. मग सगळे बूट परत पायरीवर ठेवले आणि मुलांना पुन्हा आत-बाहेर करायला सांगितलं. या वेळी कोणी रडलं नाही. त्या पायरीचा फोटो मी काढला.

निघताना आबांनी विचारलं, "तुमच्या घरची खूण काय वो?"

"आमच्या चाळीत मेंढरं नाहीत, आबा," मी म्हणालो.

तो मुक्काम इंदापूरला. वाटेत निमगाव केतकीला पानमळे आहेत. तिथलं पान पुण्यातल्या पानासारखं नाही, कोवळं असतं. मामांनी दोन खाल्ली. इंदापुरात लॉज स्टँडाजवळच मिळते, फक्त गादी उन्हात टाकली होती का ते विचारून घ्यावं. मी हार्डवेअरच्या दुकानातून लाल ऑइलपेंट आणि बारीक ब्रश घेतले.

तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने परत काटेवाडीकडच्या शाळेत. गुरुजींना सगळं सांगितलं. ते थोडे ओशाळले, मग स्वतःच मुलांना बूट आणायला पिटाळलं. उरलेल्या खोक्यांतून सगळ्यांना मापाचे जोड बदलून दिले आणि खुणा करायला बसलो. इथे मेंढरांची घरं नव्हती, त्यामुळे सगळ्याच खुणा नव्या निघाल्या. वांगं, किटली, सायकलची घंटा. सुनंदा नव्या चपला घालून लांब उभी होती.

"चपल्या परत द्याव्या लागतील का?" तिने गुरुजींना विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. "त्या तुझ्याच. हे बूट शाळेसाठी."

तिने दुधाची किटली काढायला सांगितली. मी काढली. तिने ती निरखून पाहिली. "कान न्हाय काडला," ती म्हणाली. मी किटलीला कान काढला.

परतीच्या वाटेत मामा गाणी म्हणत होते आणि मी साहेबांना काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. रोल धुऊन आला त्या दिवशी मी फोटो आणि बाजारात घेतलेला जोड, दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवलं. जोड दाखवला नसता तरी चाललं असतं, असं मामांचं मत. पण पुढचा जोड दुसऱ्या कोणी आणून ठेवला असता तर?

"म्हणजे बाजारात गेलाच," साहेब म्हणाले.

"हो, साहेब. माप चुकलं होतं. माझं. नंतर हे केलं." मी फोटो पुढे सरकवला.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "हे लाल काय फासलंय?" मी सांगितलं. त्यांनी पुन्हा पाहिला. "असे बूट विकत कोण घेणार?"

"कोणी नाही, साहेब."

"हं." त्यांनी चष्मा पुसला. "मग सोपं आहे. इथेच सगळ्यांवर एक लाल फुली मारा आणि बावड्याला पाठवा."

साहेबांना उलट उत्तर मी कधी दिलं नव्हतं. "फुली नको, साहेब. सगळ्यांवर एकच फुली असली की पुन्हा सगळे सारखेच. मुलं रडतील आणि बूट घरी राहतील."

"मग काय पाठवायचं?"

"कोरे जोड. आणि रंगाचे डबे."

"बघू," साहेब म्हणाले. पण त्या आठवड्यात बावड्याच्या टेम्पोत खोक्यांवर लाल रंगाचे डबे चढले, आणि दोर बांधताना मामा मला म्हणाले, "बग, आज दोनदा थांबवू नगंस."

बाजारातला तो जोड माझ्याकडेच राहिला. पैसे मी दिले होते, साहेब म्हणाले घेऊन जा. आमच्या घरी तो फळीवर आहे. आई रोज म्हणते, कोणाला तरी देऊन टाक, उगाच जागा अडवतो. आमच्या चाळीत दोन-तीन पोरं आहेत त्या मापाची. देणार आहे. आधी त्यांच्या घरची खूण विचारतो.