एक डोळा निळा, एक तांबूस

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या शेजारी एका गार्डची बायको राहायची. गोरीपान होती, तिला आम्ही आंटी म्हणायचो. मी तेव्हा जुन्या अकरावीला होते. कासुर्डीला मावसबहिणीचं लग्न होतं, म्हणून मी डोळे रंगवून घ्यायला आंटीकडे गेले. तिच्या डबीत पापण्यांना लावायचे सहा रंग होते. मला ती लावायची तसा निळाच हवा होता. तिनं एका पापणीवर निळा लावला, दुसरीवर तांबूस, आणि म्हणाली, "जा, आईला दाखवून ये."

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली.

"ह्या डोळ्यावर कुणी ठोसा मारल्यावानी दिसतंय. आन् ह्यो... ह्यो तुझा हाय."

मी परत गेले. आंटीनं निळा पुसला, दोन्ही पापण्या तांबूस केल्या आणि त्याच छटेची लिपस्टिक ओठांवर अगदी पुसट लावली. तोवर आमच्या घरात सावळ्या रंगावर पांढरी पावडर हा एकच उपाय होता. त्या दिवशी मी ती लावलीच नाही.

मांडवात एका बाईनं विचारलं, "पावडर लावाय इसरलीस व्हय गं?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि तिच्यासमोर तशीच उभी राहिले.