आत्याबाई गॅरेजात बंद पडत नाही

मामांची जुनी पिकअप रस्त्यावर बरोबर विसाव्या मिनिटाला बंद पडायची. गॅरेजात मात्र तासभर चालू ठेवली तरी गुणी लेकरासारखी गुरगुरत राहायची. म्हणून मामांनी तिचं नाव आत्याबाई ठेवलं होतं. चारचौघांत गोडवा, रुसवे फक्त घरच्यांसाठी.

पहिल्या मेकॅनिकनं फिल्टर बदलला. दुसऱ्यानं "पंप गेलाय हो तुमचा" असं नाकातून म्हणत पंप बदलला. तिसऱ्यानं नुसतीच मान हलवली आणि भंगारवाल्याचा नंबर दिला. तिकडे लाँड्रीवाल्यानं बजावलं होतं की दवाखान्याच्या चादरी आणखी एकदा उशिरा पोचल्या तर तो दुसरा टेम्पो लावणार. अठरा वर्षं मामाच त्या चादरी पोचवत होते.

रविवारी ते म्हाताऱ्या डिझेलमिस्त्रींकडे गेले. आत्याबाई तिथेही खुशीत. मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसून म्हणाले, बंद पडते तेव्हा काय काय होतं, ते करून दाखवा.

मामा आधी लाजले, मग रंगात आले. घुर्रर्र, घुर्... घुर्... ठप्प. मग कपाळावर हात, खाली उतरणं, डिझेल आहे का बघायला टाकीचं झाकण फिरवणं. फुस्स.

"हे फुस्स काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"ते झाकण. उघडलं की होतं. मग जरा वेळानं चालू होते बया."

मिस्त्रींनी झाकण काढून उजेडात धरलं. हवा जायचं बारीक भोक रंगाऱ्याच्या लांबीनं छान लिंपलेलं होतं, वर अंगठ्याचा ठसा. डिझेल कमी होईल तशी हवा आत शिरायला नको का, त्यांनी समजावलं. नाहीतर पंप ओढून ओढून किती ओढणार? गॅरेजात नुसती उभी असते तेव्हा तिला डिझेल घोटभरच लागतं, म्हणून तिथे भागतं.

मामा त्या ठशाकडे बघत राहिले. चादरींना डिझेलचा वास येतो, अशी लाँड्रीवाल्यानं दोन महिन्यांपूर्वी कुरकुर केली, तेव्हा त्यांनीच ते भोक हौसेनं बुजवलं होतं. बायकोला कौतुकानं दाखवलंही होतं. नाक आपण दाबायचं आणि वर शिव्याही तिलाच.

मिस्त्रींनी टाचणी पुढे केली. "तुम्हीच उकरा."

सोमवारी विसावं मिनिट आलं तेव्हा मामांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. ते मिनिट गेलं. चादरी जाड ताडपत्रीत गुंडाळून वेळेत पोचल्या. त्या उतरवून झाल्यावर मामांनी टाकीचं झाकण हळूच फिरवलं आणि कान लावला.

काही आवाज आला नाही.