आई माझ्या वर्गात होती तवा

वर्गात आई मला मॅडम म्हणायची. घरी कार्टे, आणि समाजमंदिराच्या पायरीवर पाय ठेवला की मॅडम. बाया हसायच्या, मी पण हसायचे. मला वाटायचं लै भारी चाललंय आपलं.

माझी पहिलीच नोकरी होती ती, एका संस्थेत. काम असं की डोंगरकड्याकडच्या गावांत ज्या बायांची शाळा राहून गेली त्यांना लिहायला वाचायला शिकवायचं, आणि मग कुठं काम लागतंय का ते पण बघायचं. ट्रेनिंगला सांगितलं होतं की आपण ठरवून लोकांवर लादायचं न्हाई. आधी माणसाला विचारा, मग वर्ग आखा. याला म्हणे माणूसकेंद्री डिझाइन म्हणतात. मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी आईला तासभर तेच सांगत बसले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, म्हणजे आधी विचारायचं, एवढंच ना?

मग मी विचारत सुटले. दारोदार. वेळ कोणती, लेकरं कुठं ठेवता, कशाचं वाचन पाहिजे. बाया म्हणाल्या संध्याकाळी ठेव, वावरातून आल्यावर. ठेवला. म्हणाल्या नुसती बाराखडी नको, कामाचं शिकव. तेव्हा वारंगा फाट्याजवळ हळदीचं एक गोडाऊन सुरू होऊन राहिलं होतं, तिथं पोत्यावरच्या चिठ्ठ्या वाचून वहीत उतरवायला बाया पाहिजे होत्या. मी जाऊन त्यांची चिठ्ठी मागून आणली, आणि सरावाच्या चिठ्ठ्या बराबर त्याच मापाच्या बनवल्या. काडेपेटीएवढ्या. शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, सगळं खऱ्यासारखं. आमच्या सरांनी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. मी तो दोन दिवस स्टेटसला ठेवला.

आईला मात्र मी काहीच विचारलं न्हाई. घरचीच तर होती, तिचं काय विचारायचं.

आणि ते काम सगळ्यात जास्त तिलाच पाहिजे होतं. तिची कंबर गेली होती. कळमनुरीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं वाकायचं काम बंद करा. आता वावरात वाकायचं बंद केलं तर राहतं काय? सोंगणी वाकून, निंदणं वाकून, हळद काढायची ती पण वाकूनच. मी गोडाऊनचं सांगितलं तेव्हा तिनं पगार विचारला न्हाई. विचारलं, खुर्ची असती व्हय तिथं? असती म्हणलं. पाठ टेकायची? म्हणलं व्हय गं, पाठ टेकायची. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी वर्गात.

फळ्यावरची अक्षरं ती भराभरा म्हणायची. पण चिठ्ठी हातात दिली की अडायची. कधी हात लांब धरायची, कधी जवळ, मग हसून शेजारणीकडं बघायची. मला वाटलं फळ्यावरचं पाठ करती आणि घरी सराव करत न्हाई. एक काकू तर रोज डिवचायची, मास्तरीणबाईची आईच नापास बघा. मला लाज वाटायची. गोडाऊनवरच्या परीक्षेच्या चार दिवस आधी तोच शब्द तिसऱ्यांदा अडला आणि मी सगळ्यांसमोर बोलले.

"तुझं लक्षच न्हाई. तुला जमायचं न्हाई हे."

त्या दिवशी तिनं मला मॅडम म्हणलं न्हाई आणि कार्टे पण म्हणलं न्हाई. चिठ्ठ्या गोळा केल्या आणि रबर लावून माझ्या पिशवीत ठेवल्या.

गोडाऊनवर मुनीमजींनी सगळ्यांसमोर दहा-दहा चिठ्ठ्या ठेवल्या. आईनं दोन वाचल्या, त्या पण अंदाजानं. मुनीमजी चांगला माणूस होता, म्हणाला मावशी, अजून थोडं शिका. आमच्या वर्गातल्या दोघी लागल्या. त्यात ती काकू पण. ती तिथंच खुर्चीवर बसून बघत होती, आणि आई तिला म्हणाली की तुला शोभती गं.

आमी दोघी फाट्यावर येऊन गाडीची वाट बघत उभ्या राहिलो. मी तिच्यावर फुगलेली. लांबून एक एस्टी येताना दिसली तशी मी पिशवी उचलली. आई म्हणाली, थांब, ती उमरखेड हाय. गाडी जवळ आली. उमरखेडच होती.

मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, पाटीवर लिहिलंय की. रस्त्याच्या पलीकडं टायरवाल्याचं दुकान होतं, मी म्हणलं त्याच्यावर काय लिहिलंय सांग. तिनं डोळे बारीक पण केले न्हाईत. येथे, पंक, पंक्चर, काढून मिळेल. सगळं वाचलं. मी पिशवीतून चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली आणि विचारलं, याच्यावर तुला काय दिसतं? लक्षात घ्या, इतक्या महिन्यांत मी हे पहिल्यांदा विचारत होते.

"मुंग्या," ती म्हणाली. "सगळ्यायलाच मुंग्या दिसतेत ना? हुशार माणसाला त्यातून वाचता येतं."

चाळिशी लागली होती तिला. बाकी काही न्हाई, कधीची लागली असंल, आणि वर्ग संध्याकाळचा, वर एकच पिवळा बल्ब. मी तशीच पळत गोडाऊनवर गेले. मुनीमजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, पोरी, खुर्च्या भरल्या, आता पुढच्या हंगामाला बघू.

त्याच आठवड्यात कळमनुरीहून चष्मा आणला. दुकानदारानं पेपर दिला तर आईनं मथळ्याखालचं बारीक पण वाचलं. मीच रडले. ती नुसती चष्मा काढून बघत राहिली, पुसून परत घातला, परत काढला.

मग मी वर्ग बदलला. मोठा लाइट लावला, पहिल्या दिवशी प्रत्येकीला पेपर वाचायला द्यायचा, जवळून, लांबून. आणखी चौघी निघाल्या तशाच. त्यातली एक तर म्हणाली, मी ढ हाय म्हणून गप बसत होते. हे मी हिंगोलीच्या मीटिंगला सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी "एक शिकाऊ महिला" असं म्हणलं होतं. माझी आई हे तोंडातून निघालंच न्हाई.

आई मात्र परत वर्गात आली न्हाई. आज पाहुणे हायेत, आज भाकरी व्हायच्यात, रोज एक कारण. घरी तांदूळ निवडताना चष्मा घालायची. कागद दिला की बाजूला सारायची.

यंदा हळदीचा हंगाम आला आणि गोडाऊनवरून फोन आला की दोन बाया अजून लागतेत. मी तिला न विचारता तिचं नाव देऊन टाकलं. सकाळी चहा पिताना सांगितलं. म्हणलं आता चष्मा हाय, तुला सगळं येतं, एकदा बस तिथं.

ती कपातलं फुंकून प्यायली. म्हणाली, दुसऱ्या कुणाला तरी लाव, तिचं भलं व्हईल. मी म्हणलं, काहून? डोळ्याचं होतं ते, डोक्याचं नव्हतं, किती वेळा सांगू. चूक माझी होती.

"चूक बीक न्हाई माय," ती म्हणाली. "तू मॅडम हायस. तूच म्हणली होतीस ना, जमायचं न्हाई."

रागानं म्हणली असती तर मी भांडले असते. ती मला समजावून सांगत होती. कप विसळून ठेवला, माझी जुनी ओढणी घेतली, कमरेला दोन वेढे देऊन घट्ट बांधली, आणि शेजारच्या बायांसोबत हळद काढायला गेली. मी गोडाऊनला फोन लावला आणि नाव बदलून घ्या म्हणून सांगितलं.