ला रुम्बेचा चुना

सुलतानाचा तट बांधताना सगळं गाव वाळलं, आणि माझा थोरला भाऊ ला रुम्बे तेवढा सुटला. आता सख्ख्या बहिणीनं असं बोलू नये, पण खरं ते खरं.

आमच्या बुटोन बेटावर दगड आणायला लांब जावं लागत नाही. पायाखाली सगळा पोवळ्याचाच, भोकाभोकांचा दगड. तोच रचायचा, तोच भट्टीत भाजून चुना करायचा. त्यात वाळू, समुद्रशेवाळ उकळून काढलेला चीक आणि अंड्यांतला पांढरा भाग. हे शेवटचं कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं देव जाणे! हुकूम सुटला, की बेटावरची झाडून सगळी अंडी भिंतीला. प्रत्येक गावाच्या वाट्याला तटाचा एक तुकडा आला, आणि आमच्या तुकड्याचा चुना मळायचं काम दादाकडे. पांढरा भाग भिंतीला गेला की पिवळा बलक मळणाऱ्याचा, असा रिवाज. झालं! आमची पोरं अंड्याच्या वासाला महाग, आणि दादाच्या सागूच्या लापशीत बलक, माशाच्या कढणात बलक, जेवण झाल्यावर तोंडात टाकायलाही बलक.

"अंगाला वास मारतोय तुमच्या," वा नुरी वहिनी करवादायची. "एक दिवस कोंबडी येऊन बसेल उबवायला."

दादा मिशा पुसून म्हणायचा, "सुलतानाची सेवा आहे ही."

मग त्याच्या लेकीचं, वा मिनाचं लग्न ठरलं, शेजारच्या गावच्या ला हिबूच्या मुलाशी. पोर नुसती हवेत होती. आणि हा ला हिबू म्हणजे ताठ माणूस. म्हणाला, "मुलगी पसंत आहे. पण मांडवात माझ्यापुढं जे ताट येईल त्यात उकडलेली अंडी हवीत. माझ्या आज्यापुढं होती, बापापुढं होती. बिनअंड्याचं ताट ठेवलंत तर वरात आल्या पावली परत नेईन."

"अहो, पण हुकूम..." दादा म्हणाला.

"ते तुमचं तुम्ही बघा."

घरी वहिनीनं दादाला कोपऱ्यात गाठलं. "रोज टोपल्यांनी अंडी फोडता ना? त्यातली थोडी बाजूला काढा."

"अगं, भिंत ढासळली तर मला बेटाबाहेर हाकलतील!"

"आणि वरात परत गेली तर पोर विहीर जवळ करेल. मग राहा बेटावर, बलक खात."

दादा रडला. खरंच रडला, मी बघितलंय. आणि दुसऱ्या दिवसापासून अंडी सागूच्या पिठात लपवायला लागला. राहिलेल्या भागाच्या चुन्यात फक्त शेवाळाचा चीक. त्याची भरपाई म्हणून भीतीनं चुना इतका मळायचा, इतका मळायचा, की आमचे गडी वैतागले. "दादा, भिंत बांधायचीय की भाकरी करायचीय?" ते म्हणायचे.

लग्न लागलं. ला हिबूनं ताटातली अंडी एकट्यानं खाल्ली. पोटच्या पोराला, नवरदेवाला, एक देईल तर शपथ!

पण तट अजून तपासायचा होता. आमच्याकडे तपासणी शेजारचं गाव करतं. मोठा ओंडका खांद्यावर घेऊन भिंतीवर आदळायचा. आपलं गाव हळूच मारेल, शेजारी मात्र मनापासून मारतात, म्हणून हा नियम. तेव्हा ओंडक्याच्या पुढच्या टोकाला आमचे व्याही ला हिबू, आणि समोर दगडावर सुलतानाचा अधिकारी, बोंतो.

ओंडका उचलता उचलता ला हिबूनं सहज विचारलं, "काय हो व्याही, ती अंडी मिळाली कुठनं?"

दादानं नुसतं भिंतीच्या त्या बिनअंड्याच्या भागाकडं बघितलं.

ला हिबूचा चेहरा खर्रकन उतरला. व्याही बेटाबाहेर गेला तर सून चोराची मुलगी ठरणार आणि आपण चोरीचं खाणारे. "हळू मारू का?" तो पुटपुटला.

आधी त्यांनी अंडी घातलेल्या भागावर ओंडका आदळला. दोनतीन दगड खाली आले. बोंतोच्या कपाळाला आठी. मग आला बिनअंड्याचा भाग. ला हिबूनं असा ओंडका टेकवला, जसं झोपलेल्या तान्ह्याला पांघरूण घालतोय.

"जेवला नाहीस का रे?" बोंतो गरजला. "मार!"

मारावाच लागला. मी डोळे मिटले. वा मिनानं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. धाडकन आवाज झाला. डोळे उघडते तो भिंत जागच्या जागी, आणि ला हिबू धुळीत बुडावर बसलेला.

बोंतो उठून आला. भिंतीवरून हात फिरवत म्हणाला, "वा! हा चुना कसा केलास? इथं अंडी दुप्पट घातलीस ना?"

दादानं 'हो' म्हणावं, की सुटला. पण मग सगळ्या बेटाला दुप्पट अंड्यांचा हुकूम, आणि कोंबड्या आणायच्या कुठून? दादानं बायकोकडं बघितलं, मुलीकडं बघितलं.

"नाही हुजूर. इथं एकही नाही घातलं."

"मग गेली कुठं अंडी?"

दादा मिशा पुसायला लागला. तेवढ्यात खालून, धुळीतनं आवाज आला.

"माझ्या पोटात," ला हिबू म्हणाला. "मी मागितली म्हणून दिली त्यांनी. हाकलायचं तर मला हाकला."

जन्मात पहिल्यांदा मला तो माणूस आवडला.

बोंतोनं ढासळलेल्या दगडांकडं बघितलं, शाबूत भिंतीकडं बघितलं. मग जवळ येऊन, आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "उकडलेली होती?"

"हो, हुजूर."

"एखादं उरलंय का?"

वहिनीनं लेकीसाठी एक मागं ठेवलं होतं, ते कमरेला गुंडाळलेल्या सारोंगातनं काढून दिलं. बोंतोनं तिथंच उभ्या उभ्या सोललं आणि डोळे मिटून खाल्लं. त्याच्या घरच्या कोंबड्यांनाही हुकूम लागू होताच की!

दुसऱ्या दिवसापासून अंडी गोळा करायला कुणी आलं नाही. घरोघर चुलीवर पाणी उकळायला लागलं. एकटा दादा तेवढा ओट्यावर तोंड पाडून बसला होता.

"भिंत वाचली, मान वाचली, पोर सुखात आहे," वहिनी म्हणाली. "आता काय झालं?"

"माझा बलक बंद झाला," दादा म्हणाला.

"मग कोंबडी पाळा!"