दूध तपासणाऱ्याचं रक्त

संगमनेरच्या अलीकडच्या एका गावात गोरक्ष वर्पे चौदा वर्षं दूध संस्थेच्या टेबलामागे बसतो आहे. सकाळी सहाला शटर वर जातं, कॅनांची रांग लागते, आणि गोरक्ष प्रत्येकाच्या दुधातला थोडासा नमुना काढून मशीनला लावतो. फॅट किती, पाणी किती, ते लाल आकड्यांत उमटतं. पण आकडा उमटायच्या आधी गोरक्षने माणूस ओळखलेला असतो. पाणी घातलेला माणूस बोलतो. गाय काल कुठे चरली, रात्री कशी बसली, सगळं न विचारता सांगतो. चोख दुधाचा माणूस जांभई देत उभा असतो.

या टेबलावर गोरक्षचा जीव. आणि तीन वर्षांपासून त्याचं पोट त्याला तिथे सलग बसू देत नव्हतं. मोठ्या आतड्याला सूज, आतून जखमा, शौचातून रक्त. दोन-तीन महिने सगळं शांत, मग एकदम उसळी. उसळी आली की सहा ते आठच्या दरम्यान तो चारदा उठून मागच्या संडासाकडे पळायचा. रांग तिष्ठत राहायची.

रांगेत सगळ्यांत पुढे गोजरबाई. सत्तरीची, दोन जर्सी गायींची मालकीण. ती मागून ओरडायची, "गोरक्ष्या, मशीन पन न्हेत जा की संगं! तितं बसून आमचं फॅट तरी लाव!"

रांग हसायची. आतून गोरक्षही हसायचा, पण पोट धरून.

आषाढात चेअरमननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गोरक्ष, तू पशुखाद्याच्या गोदामावर बस आता. हलकं काम हाय." मग त्याचा चेहरा बघून म्हणाले, "बरं, दिवाळीपर्यंत बघू." त्या हाताचं वजन गोरक्षला घरी पोचेपर्यंत खांद्यावर जाणवत राहिलं.

त्याच आठवड्यात संगमनेरच्या पोटाच्या डॉक्टरांनी नवी गोष्ट सांगितली. एका संशोधनात ते रुग्णांचं रक्त पाठवत होते. रक्तातल्या काही पेशी बघून आजार पुढच्या वर्षा-दोन वर्षांत गरीब राहील की पुन्हा पुन्हा उसळेल, याचा अंदाज काढायचा. "अंदाज, भविष्य नव्हे," डॉक्टर म्हणाले. "गरीब निघाला तर आहेत त्याच गोळ्या. दांडगा निघाला तर आतडं आणखी खराब व्हायची वाट न बघता आत्ताच इंजेक्शन. सलाईनमधून, ठरलेल्या दिवशी."

गोरक्षला एवढंच ऐकू आलं: सलाईनमधून. सलाईनमधून इंजेक्शन घेणारी जी तीन माणसं त्याला ठाऊक होती, ती तिन्ही आता भिंतीवर होती, हारासकट. त्याला गरीब निघायचं होतं.

घरी औषधांच्या डब्यात मागच्या उसळीतल्या स्टेरॉइडच्या गोळ्या उरल्या होत्या. त्या घेतल्या की चार दिवसांत पोट गप्प व्हायचं, भूक मात्र भडकायची आणि झोप उडायची. पोट गप्प तर रक्तही गप्प, असं त्याने मनाशी धरलं आणि गोठ्यात वैरण टाकायला गेल्यावर तिथेच उभ्याने गोळ्या घ्यायला सुरुवात केली. आठ दिवस. बायकोला, रेश्माला, एवढंच दिसलं की नवरा अचानक ताटावर ताट रिकामं करतोय. ती बिचारी खूश.

आठव्या दिवशी दवाखान्यात रक्त घ्यायला दीना नावाची नर्स होती. मूळची श्रीरामपूरची, हात हलका, बोलणं कमी. आधी एक फॉर्म भरून घेतला. मग तिने दंडाला पट्टा बांधला, सुई घातली, नळी भरायला लागली.

"आता तर एकदम झ्याक हाय मॅडम," गोरक्ष म्हणाला. "काल दोनदाच गेलो. परवा पन दोनदाच. सकाळी डोंगरापर्यंत चालून आलो. तिखट बंद केलंय. ताक घेतो, जिरं घालून. आमच्याकडं पाऊस बरा हाय यंदा—"

"आन भूक म्हंजी!" सोबत आलेली रेश्मा कौतुकाने म्हणाली. "एका बैठकीला पाच भाकरी. झोप तेवढी न्हाई, रातभर टक्क जागा."

दीनाने सुई काढली, कापूस दाबला. नुसती गोरक्षकडे बघत राहिली.

ती नजर गोरक्षच्या ओळखीची होती. चौदा वर्षं ती त्याच्याच डोळ्यांतून बाहेर जात होती. आज पहिल्यांदा समोरून आली. तो गप्प झाला, आणि आपण केव्हापासून बोलतोय ते त्याच्या ध्यानात आलं.

"मॅडम," तो म्हणाला, "पानी घातलंय मी."

रेश्मा दचकली. "कशात?"

"रक्तात."

गोळ्यांचं सगळं ऐकून दीना स्टुलावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने फॉर्म पुढे सरकवला. "भाऊ, इथे विचारलंय ना, स्टेरॉइड चालू आहे का म्हणून? तुम्ही 'नाही' लिहिलंय. कागदाला गरीब म्हणायला लावाल. आतडं ऐकणारे का त्याचं?"

"न्हाई ऐकनार," गोरक्ष म्हणाला.

"रोज लोकाच्या दुधाला नावं ठेवता," रेश्मा फणकारली. "गोठ्यात उभं राहून! मला वाटलं, माझ्या हाताला चव आली."

भरलेली नळी दीनाने कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली. आपला नमुना आपल्या देखत नापास होताना गोरक्षने पाहिला. डॉक्टर रागावले, गोळ्या कशा कमी करत बंद करायच्या ते लिहून दिलं आणि मधे त्रास वाढला तर लगेच यायला बजावलं. पाच आठवड्यांनी गोरक्षने पुन्हा हात पुढे केला. या खेपेला तो पंख्याकडे बघत बसला.

रिपोर्ट आला: दांडगा.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर तो बसला. भिंतीवरच्या तिघांचे चेहरे येऊन गेले. त्या तिघांना इंजेक्शन शेवटी दिलं होतं, आपल्याला आधीच देतायत, एवढा फरक त्याला हळूहळू दिसायला लागला. "चला," तो रेश्माला म्हणाला, "तारीख घिऊ."

पहिल्या इंजेक्शनानंतर काही झालं नाही. दुसऱ्यानंतर तो सकाळी दोनदाच उठला. तिसरं दसऱ्याच्या सुमाराला झालं, आणि दिवाळीच्या आधी एका सोमवारी तो सहाला बसला तो आठलाच उठला. चेअरमन दारात उभे होते. गोदामाचा विषय त्यांनी काढला नाही.

आता दर आठ आठवड्यांनी इंजेक्शन. त्या दिवशी आठच्या आत दवाखान्यात हजर राहावं लागतं, म्हणून त्या सकाळी टेबलामागे रेश्मा बसते. मशीन कसं चालवायचं ते गोरक्षने दोन संध्याकाळी शिकवलं. बाकीचं तिला शिकवावं लागलं नाही.

ती बसली त्या पहिल्याच सकाळी तो दवाखान्यात पलंगावर पडून सलाईनचे थेंब बघत होता, तेवढ्यात तिचा फोन आला. मागे गोजरबाईचा आवाज चढलेला: "माज्या गायीनं पानी जास्त पिलं त्याला मी काय करू?"

"ऐक," गोरक्ष घाईने म्हणाला, "म्हातारी हाय, जरा गोडीनं सांग, आन कॅन परत—"

"परत दिला कवाच," रेश्मा म्हणाली. "तुमाला इचारायला न्हाई, सांगायला फोन केलाय. झोपा गुमान."