उलटे आटे

दंगल संपून पाच आठवडे झाले होते आणि पेपरात रोज छापून येत होतं की शहर पूर्वपदावर येत आहे. हे पूर्वपद नेमकं कुठे असतं ते छापणाऱ्यालाच ठाऊक. बस सुरू झाल्या होत्या, पण निम्म्या खिडक्यांना काचेऐवजी पत्रा होता. दुकानं उघडत होती, पण शटर कमरेपर्यंतच वर जायचं, म्हणजे वेळ आली तर लगेच खाली ओढता येईल. चावीवाला हे सगळं रोज सकाळी चालता चालता बघायचा आणि मनात म्हणायचा, येईल बापडं, घाई कुणाला आहे.

चावीवाला म्हणजे कुलपाच्या चाव्या करून देणारा नव्हे. हा पाणीखात्यातला. त्याची चावी छातीइतकी उंच, लोखंडी, वर आडवा दांडा आणि खाली चौकोनी तोंड. ती खांद्यावर टाकून साडेसहाला घराबाहेर पडायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, खालचा व्हॉल्व्ह फिरवून त्या गल्लीला पाणी सोडायचं आणि तासाभराने येऊन बंद करायचं. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. त्याच्या वाट्याला अकरा झाकणं होती. सात मोठ्या रस्त्याच्या अलीकडे, जिथे त्याचं स्वतःचं घर होतं, आणि चार पलीकडे. दंगलीच्या आधी हे अलीकडे-पलीकडे पाण्याच्या वेळापत्रकापुरतंच होतं. नंतर ते सगळ्यालाच लागू झालं.

पलीकडच्या चौथ्या झाकणाची एक गंमत होती. फार वर्षांपूर्वी तिथला व्हॉल्व्ह फुटला, तेव्हा गोदामात हाताला लागला तो आणून बसवला, आणि त्याचे आटे निघाले उलटे. सारी दुनिया डावीकडे फिरवून उघडते, हा पठ्ठ्या उजवीकडे फिरवला की उघडायचा. हे कार्यालयाच्या वहीत लिहून ठेवायला हवं होतं. चावीवाल्याने आधी आळसाने लिहिलं नाही, आणि पुढे मुद्दाम लिहिलं नाही. कारण तो रजेवर गेला की बदली कामगाराला तो व्हॉल्व्ह दाद द्यायचा नाही. मग मुकादमाचा फोन यायचा, आणि हा रजा असली तरी दहा मिनिटांसाठी जायचा, वाकून, अंगाचा आडोसा करून चावी फिरवायचा. मुकादम कौतुकाने म्हणायचा, "तुझ्याशिवाय त्या गल्लीचं पान हलत नाही बुवा." त्यावर याचं ठरलेलं उत्तर असायचं, "मी आल्याशिवाय काही व्हायचं नाही, साहेब." सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याला मिरवायला मिळालेली ती एवढी एकच गोष्ट होती. बायको त्याला हसायची. म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर आत काय, उलटे आटे!"

त्या चौथ्या झाकणासमोरच मास्तरचं शिवणकामाचं दुकान होतं. मास्तर त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. बोलायला तिखट, पण शिवणीचा टाका असा की उलटून बघावा. पाणी सोडलं की चावीवाला चावी भिंतीला टेकवून तिथे चहा प्यायचा. वीस वर्षांत त्यात फार तर आजारपणाचा खंड. मास्तर रोज त्याच सुरात म्हणायचा, "आले चावीबहाद्दर. यांनी चावी फिरवली नाही तर सूर्यही उगवायचा नाही." आणि हा रोज नव्याने खूश व्हायचा.

मग ती दंगल झाली. कशावरून सुरू झाली हे आता कुणालाच धड सांगता येत नाही. जो तो आपल्याला कुठला दगड लागला तिथून गोष्ट सुरू करतो. संचारबंदी लागली आणि चावीवाला अलीकडे घरात अडकला. पलीकडच्या झाकणांसाठी खात्याने पोलिसांच्या गाडीतून एक बदली कामगार पाठवला. भला माणूस, नोकरीची शेवटची दोन वर्षं राहिलेला. त्याने चौथ्या व्हॉल्व्हला चावी लावली आणि जगाच्या रीतीने डावीकडे जोर दिला. व्हॉल्व्ह आधीच बंद होता, तो तसूभर हलला नाही. बदलीवाल्याला वाटलं, पूर्ण उघडलेला दिसतोय. त्याने तसं कळवलं आणि गाडी पुढे गेली. तीन दिवस रोज हेच झालं, आणि तीन दिवस त्या गल्लीतल्या नळांना थेंब आला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुकादमाचा फोन आला. चावीवाल्याच्या खोलीत तेव्हा आठ-दहा माणसं होती. शेजारी, बायकोची आत्या, आणि त्याचा मेहुणा, ज्याचं दुकान आदल्याच दिवशी जळून कोळसा झालं होतं. फोनवरचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता.

"पलीकडच्या चौथ्याला पाणी नाही म्हणतात," मुकादम म्हणाला. "बदलीवाला सांगतो, व्हॉल्व्ह उघडा आहे. तुला काही कल्पना?"

सगळे त्याच्याकडे वळले. मेहुणा मान वर करून त्याच्याकडे बघत होता. सांगायचे होते दोनच शब्द. उजवीकडे फिरवा. ते जिभेवर आलेही होते.

"मी आल्याशिवाय काही सांगता यायचं नाही, साहेब," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मेहुणा म्हणाला, "लागू दे जरा तहान त्यांनाही." कुणी हसलं नाही. कुणी 'असं बोलू नये' असंही म्हटलं नाही. चावीवाल्यानेही नाही.

चौथ्या दिवशी तासभर संचारबंदी शिथिल झाली आणि मास्तर दोन बादल्या घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या सार्वजनिक नळावर गेला. तिथे अलीकडचेही होते. शब्दाने शब्द वाढला, कुणाच्या तरी हातात सळई होती. ती कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मास्तरचं उजवं मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं.

सहाव्या दिवशी चावीवाला पलीकडे गेला, अंगाचा आडोसा करून चावी उजवीकडे फिरवली आणि गल्लीतल्या नळांनी आधी सुस्कारे टाकले, मग पाणी. त्याबरोबर गल्लीला जे समजायचं ते समजलं. हाच तो. यानेच बंद ठेवलं होतं. एका म्हातारीने त्याच्या पायापाशी थुंकून दार लावून घेतलं. मास्तरचं दुकान बंदच होतं. चावीवाल्याला तेव्हा, खरं सांगायचं तर, थोडं बरं वाटलं. जे केलं नव्हतं त्याबद्दल का होईना, चार शब्द तर ऐकून घ्यावे लागले.

पण पुढे चौकशी झाली आणि खात्याने गल्लीच्या तोंडाशी कागद चिकटवला. पाणीपुरवठा तांत्रिक बिघाडामुळे खंडित झाला, बदली कामगारास त्या भागाचा अनुभव नव्हता, संबंधित कर्मचारी संचारबंदीत घरीच होता. झालं. गल्लीला पश्चात्ताप झाला. थुंकलेली म्हातारी आता त्याला बसायला स्टूल आणून द्यायला लागली. येणारेजाणारे म्हणायचे, "गैरसमज झाला हो, दादा." तो मान खाली घालून चावी फिरवायचा. थुंकी परवडली, पण हे स्टूल नको, असं त्याला झालं. आणि पाचव्या आठवड्यात मास्तरचा निरोप आला, उद्या चहाला ये, मी तुझ्या माघारी नको नको ते बोललो.

रात्रीच्या जेवणाला त्याने बायकोला सगळं सांगितलं. फोनच्या वेळी ती स्वयंपाकघरात होती, पण तिला माहीत होतं.

"तो माफी मागणार माझी," तो म्हणाला.

"मागू दे. तुम्ही 'असू दे, असू दे' म्हणायचं आणि चहा प्यायचा."

"आणि मग?"

"मग काय? रोज प्यायचा. सगळं शहर तेच करतंय. ज्याने त्याने आपापलं काहीतरी गिळलेलंच आहे. तुम्हीच का ओकताय?"

तिचं चुकत होतं असं त्यालाही म्हणता येईना. रोजच्या चहाचं सुख काय असतं ते या पाच आठवड्यांत त्याला चांगलं कळलं होतं. पलीकडे त्याचं म्हणावं असं माणूस एकच, आणि ते नुसत्या 'असू दे'वर परत मिळत होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडून तो दुकानात गेला. मशीनवर मास्तरची बायको बसली होती. पूर्वी ती फक्त काजं-बटणं करायची. मास्तर बाजूला स्टुलावर. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अर्धवट मिटून तशीच राहिली होती. कापायची मोठी कात्री खिळ्याला टांगलेली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. मास्तरच्या कात्रीवर धूळ त्याने आजवर पाहिली नव्हती.

"बस," मास्तर म्हणाला. "मी तुला शिव्या दिल्या. सगळ्या गल्लीसमोर दिल्या. वीस वर्षांचं माणूस मला ओळखता आलं नाही. तेवढं पोटात घाल."

चहाचा कप पुढे आला. 'असू दे' म्हणायचं, एवढंच होतं.

"मास्तर, त्या व्हॉल्व्हचे आटे उलटे आहेत," चावीवाला म्हणाला. आणि एकदा सुरुवात केल्यावर त्याने सगळं सांगितलं. वहीत न लिहिलेलं, मुकादमाच्या कौतुकाचं, फोन आला ते, खोलीत कोण कोण होतं ते. मेहुणा काय म्हणाला तेही. "मी बंद केलं नव्हतं. पण दोन शब्दांत उघडता आलं असतं. निम्मी भीती होती आणि निम्मा माझा तोरा. तुमचा हात त्याच्या दुसऱ्या दिवशी गेला."

मशीन थांबलं होतं.

"कुठले दोन शब्द?" मास्तरने विचारलं.

चावीवाल्याने तोंड उघडलं, पण ते दोन शब्द आत्ताही बाहेर पडेनात. मास्तर वाट बघत राहिला. मग स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाला, "बंद केलं असतंस तर समजलो असतो. तेव्हा सगळ्यांचीच डोकी फिरली होती. पण तू तर शुद्धीवर होतास."

मास्तरची बायको उठली. तिने त्याच्यापुढचा भरलेला कप उचलला आणि आत नेला. चावीवाला चावी घेऊन निघाला. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. त्याला तसं काही वाटलं नाही.

तिथून तो तसाच मुकादमाकडे गेला. मुकादमाने ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहवाल वर गेलाय रे बाबा. आता तू उलटे आटे काढलेस तर माझे सुलटे आटे ढिले व्हायचे. वहीत लिहून ठेव, आणि मेहेरबानी करून गप्प बस." चावीवाल्याने वहीत लिहिलं. इतक्या वर्षांची मूठ उघडायला दीड ओळ पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गल्लीत गेला तेव्हा स्टूल नव्हतं. मास्तरचं दार लावलेलं होतं. आणि चौथ्या झाकणावर खडूने काहीतरी लिहिलं होतं. कापडावर खुणा करायचा तो चपटा निळा खडू. एक बाण काढलेला, आणि खाली वाकडीतिकडी दोन अक्षरं नव्हे, पुरते दोन शब्द. उजवीकडे फिरवा. डाव्या हाताने लिहिलं होतं, पहिलीतल्या मुलासारखं. त्याने ते वाचलं. मग आडोसा न करता चावी लावली.

दिवसभर झाकणावरून माणसं जायची, हातगाड्या जायच्या, खडू पुसून जायचा. दुसऱ्या सकाळी शब्द पुन्हा ताजे. म्हणजे मास्तर रोज याच्या आधी उठत होता, वाकून लिहीत होता आणि हा यायच्या आत दार लावून घेत होता. कुणी म्हणेल, टोमणा होता. कुणी म्हणेल, पुन्हा असं होऊ नये म्हणून. चावीवाल्याने विचार करणं सोडून दिलं. तो रोज यायचा, माहीत असलेलं वाचायचा, आणि मगच फिरवायचा. पेपरात शहर एव्हाना पूर्वपदावर येऊन पोचलंही होतं. बातमी पाचव्या पानावर आली होती.

असे दोन महिने गेले. थंडी पडली. एका सकाळी तो आला तर झाकणावर कालचीच पुसट खूण होती. नवं काही लिहिलेलं नव्हतं. मास्तरला काही झालं की काय? त्याने दुकानाकडे पाहिलं. दार बंद, पण वरची खिडकी उघडी होती आणि खिडकीत शाल पांघरून मास्तर उभा होता. उजवा हात छातीशी धरलेला.

"थंडीने ठणकतंय," मास्तर म्हणाला. दोन महिन्यांतलं ते पहिलं बोलणं. "डावाही चालत नाही आज." आणि त्याने वरून खडू टाकला. तो रस्त्यावर पडून दोन तुकडे झाला. "तूच लिही."

चावीवाल्याने चावी भिंतीला टेकवली, कुरकुरणारे गुडघे जमिनीला लावले आणि त्या पुसट, वाकड्या अक्षरांवरूनच खडू फिरवला. ती सरळ केली नाहीत.

"काय लिहिलंस?" वरून मास्तरने विचारलं. "मला इथून दिसत नाही. वाच."

गल्लीत दोन-तीन दारं उघडली होती. म्हातारी दारात उभी होती, बादल्या हातात घेऊन बायका थांबल्या होत्या. सगळे त्याच्याकडे बघत होते, त्या दुपारी खोलीत बघत होते तसेच.

"उजवीकडे फिरवा," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"उजवीकडे फिरवा."

"मग फिरव की," मास्तर म्हणाला.